रिकाम्या गाडीचं वजन

फैजपूरहून सावद्याला जाताना, पेट्रोलपंपाच्या पुढे,
साठ टनी काट्याची केबिन. रात्रपाळी माझी.
केळीची गाडी येते, मी आकडा मारतो, पावती फाडतो,
मग पाऊण तास कुत्र्याशिवाय कोणी नाही.

हा डाव नबाब तडवीने शिकवला.
भुसावळच्या रनिंग रूममध्ये तीस वर्षं खानसामा होता.
ड्रायव्हर लोकांचं बघून बघून उचलला त्याने,
एका हाताने भुर्जी हलवत.
"चाळीस चोर म्हन्ता याले, भो. एकट्यानं खेळाचा.
हारला तं कोनाले सांगा नाही लागत, एवढंच सुख."

दोन कॅट एकत्र पिसायचे. दहा रांगा, रांगेत चार,
सगळी पानं उघडी. लपवलेलं काही नाही,
तरी दिसत काही नाही.
बदामावर बदामच, किलवरवर किलवरच, उतरत्या क्रमाने,
एका वेळी एकच पान हलवायचं.
हातात उरलेली चौसष्ट एकेक उलटायची,
एकदाच. दुसरा फेर नाही.
आठ एक्के वर काढायचे आणि त्यांच्यावर
राजापर्यंत चढवत न्यायचं.
सांगायला एवढंच आहे.

वजनाच्या वहीच्या मागच्या पानावर
मी हरल्याच्या रेघा मारत गेलो. एकशे बारा.
मालकाला वाटलं, पोरगा गाड्यांचा हिशोब ठेवतो.

मे महिन्यात पानं बोटांना चिकटायची.
कोणीतरी घड टेकवला टेबलावर, इस्पिकच्या सत्तीला चीक लागला.
केळीचा डाग तो, पुसावा तसा काळा होतो.
पाठीवरूनच ओळखू यायला लागली ती,
गठ्ठ्यात किती खाली दडलीय ते कडेवरून कळायचं.
दोन रात्री तिच्या भरवशावर खेळलो
आणि दोन्ही रात्री हरलो.
मग एक साल घेऊन, लाजेने नव्हे, वैतागून,
उरलेल्या एकशेतीन पानांच्या पाठी माखून काढल्या.

चूक एकच करत होतो, रोज.
रांग रिकामी झाली रे झाली की तिथे पान टाकायचो,
एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसं.
तडवी एका रात्री बघत बसला, विडी विझेपर्यंत.
"गाडी मळ्यात जायाच्या आधी तू काय करतो?"
"रिकामी मोजतो."
"कामून?"
"ते वजा केल्याशिवाय केळी किती, कसं कळणार?"
"मंग," म्हणाला, आणि सायकल काढून निघून गेला.

त्या 'मंग'वर मी तीन आठवडे घालवले.
रिकामी रांग रिकामीच ठेवून बसायचो,
हात शिवशिवायचे.
राजा आला, जाऊ दे. गुलाम आला, जाऊ दे.
कधी जागा राखली आणि डाव संपला,
जागा तशीच राहिली, काही न होता.
त्याच्याही रेघा मारल्या.

एका मंगळवारी, पहाटे तीनच्या सुमारास,
चौकटची तिर्री अडली होती तळाला.
तिच्यावर किलवरचा राजा, त्याच्यावर बदामाची राणी.
माझ्याकडे दोन रांगा मोकळ्या, कधीपासून जपलेल्या.
राणी एकीत. राजा दुसरीत.
तिर्री उचलली, आणि बाहेर हॉर्न वाजला.

पंजाबकडची गाडी. बावीस टन सहाशे चाळीस.
आकडा दोनदा चुकलो, ड्रायव्हर हसला.
परत आलो तर पंख्याने तीन पानं उडवलेली;
कुठली कुठे होती ते मला पाठ होतं.
पुढचं सगळं उतारावरून घरंगळल्यासारखं,
चौकी, पंजी, छक्की,
आठ राजे, वर तोंड करून.

कोणाला सांगायचं?
दोन्ही कॅट घेतले आणि काट्याच्या मधोमध नेऊन ठेवले.
केबिनमध्ये येऊन बघितलं: शून्य.
बरोबरच आहे, दहा किलोच्या खाली तो काही धरतच नाही.

सकाळी तडवी दुधाला आला, त्याला सांगितलं.
शाबास वगैरे काही नाही.
किटली खाली ठेवून म्हणाला,
"कोन्तं पान अडलं होतं?"